चावलाच नाही, तरी चट्टा

पावसाळ्यात सिन्नरच्या मुसळगाव, माळेगाव औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणाऱ्या कुणाच्या मानेवर लाल, जळजळणारी रेघ उमटली की घरचे म्हणतात, ‘नागीण झाली.’ बऱ्याचदा तो पेडेरस या किड्याचा प्रताप असतो. नारिंगी-काळा, जेमतेम सेंटिमीटरभर लांब, मुंगीसारखा दिसणारा हा भुंगेरा ओल्या शेतातून दिव्याकडे येतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. आपणच त्याला अंगावर चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन हे विष कातडीला लागतं. विशेष म्हणजे हे विष मादीच्या पोटातले जिवाणू तयार करतात! चट्टा उठायला दिवस-दीड दिवस जातो, तोवर किडा कुणाच्या लक्षातही नसतो.

ओळखायचं आकारावरून. हात फिरला त्या दिशेनं रेघ उठते. कोपराच्या घडीत समोरासमोर दोन सारखे चट्टे दिसतात. नागिणीचे फोड शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या पट्ट्यात येतात आणि बहुधा त्याआधी ठणका लागतो. किडा दिसला तर फुंकरीनं उडवा, चिरडला गेलाच तर साबणानं धुवा.

एक खूण मात्र धोक्याची आहे: ताप आणि काखेत किंवा जांघेत न दुखणारी काळी खपली. ही स्क्रब टायफसची खूण. गवतातल्या सूक्ष्म माइटच्या अळीमुळे तो होतो; 2018 मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ आली होती. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. म्हणून गवत कापल्यानंतरच्या दिवसांत ताप आला, तर संकोच न करता डॉक्टरांना सगळं अंग तपासू द्या.