आधी काडतुसं बदला, मग नळी

रुगर १०/२२ ही १९६४ पासूनची अमेरिकन अर्धस्वयंचलित .२२ रायफल. अचूकता वाढवायची म्हटलं की अनेकजण थेट महागडी नळी घेतात. माझं ठाम मत: आधी काडतुसं बदलून बघा! हाय-व्हेलॉसिटी गोळी ध्वनीपेक्षा वेगाने सुटते आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येताना डळमळू शकते. मॅच काडतुसाची गोळी सुरुवातीपासूनच ध्वनीच्या वेगाखाली असते, सेकंदाला साधारण ३३० मीटर. प्रत्येक रायफलला काडतुसांचा वेगळा लॉट (उत्पादनाची खेप) मानवतो. म्हणून रेंजवर टेकू देऊन पाच-पाच गोळ्यांचे गट मारून तुलना करा. मंद काडतुसावर बोल्ट पूर्ण मागे जातोय ना, तेही पाहा. दस्त्याला अ‍ॅक्शन धरून ठेवणारा स्क्रू मात्र दर वेळी टॉर्क पान्याने सारखाच आवळा. नळीचा खर्च यानंतरच करा.