हत्यारांची पेटी आपल्या हाताशी

रावेर तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत आपण बचतीचं बोलतो, कर्जाचं बोलतो, बँकेच्या हप्त्याचं बोलतो. आज जरा घरातल्या दुरुस्तीचं बोलू या.

आधी एक प्रश्न. या घडीला तुमच्या घरात पक्कड कुठे आहे? आम्ही हा प्रश्न बैठकीत विचारला की बहुतेक जणी म्हणतात, "ती मळ्यात, मोटारीच्या पेटीत." खरंच आहे. केळीच्या या पट्ट्यात हत्यारांची वानवा नाही. ठिबकच्या नळ्या कापायला, मोटारीचे नटबोल्ट आवळायला पाना, पक्कड, टेस्टर सगळं असतं. पण ते मळ्यात असतं आणि घर गावात. घरातला नळ गळायला लागला की आपण त्याला फडकं बांधतो. कुकरचा दांडा हलायला लागला की चिंधी गुंडाळतो. संध्याकाळी घरधनी दमून येतात, "उद्या बघू" म्हणतात, आणि तो उद्या आठ दिवस उगवत नाही. तोवर त्या नळाखाली बादली ठेवायची कोणी आणि हलत्या दांड्याचा कुकर उचलायचा कोणी? आपणच.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ज्या वस्तू रोज आपण वापरतो, त्यांच्या बारीकसारीक दुरुस्तीची हत्यारंही आपल्या हाताशी हवीत. मळ्याची पेटी मळ्यात राहू द्या, घराची पेटी वेगळी करा.

बारीक दुरुस्ती लांबवली की काय होतं, त्याचा हिशेब घरच्या घरी करून बघा. गळत्या नळाखाली रात्री आठला एक भांडं ठेवा आणि सकाळी आठला मोजा. समजा पाच लिटर जमलं. म्हणजे दिवसाला दहा लिटर, महिन्याला तीनशे लिटर. वीस लिटरचे पंधरा हंडे झाले. चैत्र-वैशाखात तेवढ्या पाण्यासाठी किती वेळ लागतो ते तुम्हाला सांगायला नको. आणि हे सगळं कशापायी? तर नळाच्या आतलं नखाएवढं रबरी वायसर झिजलं म्हणून.

आता पेटीत काय ठेवायचं? दुकानात जाऊन तयार संच उचलू नका. त्यात निम्मी हत्यारं कधीच लागत नाहीत. आधी आठ दिवस घरात फिरताना वहीत लिहा: काय गळतंय, काय हलतंय, काय सैल झालंय, दार कुठे घासतंय, कडी कुठे बसत नाही. त्या यादीवरून पेटी भरायची. आम्ही गटातल्या जणींच्या याद्या जुळवल्या, तेव्हा सात हत्यारं जवळजवळ प्रत्येक घरात लागणारी निघाली.

पहिली पक्कड, आठ इंची, मुठीला जाड आवरण असलेली. धरायला, वाकवायला, तार तोडायला. दुसरं आणि तिसरं म्हणजे दोन पेचकस. एक चपट्या तोंडाचा, एक चौफुलीचा. कुकरच्या दांड्याचा, कढईच्या मुठीचा, दाराच्या बिजागरीचा स्क्रू याच दोघांनी निघतो. चौथा कमीजास्त होणारा पाना, म्हणजे वेगवेगळ्या मापाच्या नटांना एकच पुरतो. पाचवी हातोडी, मध्यम वजनाची. फार जड घेतली तर खिळ्याऐवजी बोट ठेचायचं. सहावा टेस्टर. सातवी मोजपट्टी, कारण माप न घेता सामान आणलं की बाजाराच्या दोन फेऱ्या होतात.

या सातांबरोबर थोडं किरकोळ सामान एका डब्यात ठेवा. अर्ध्या इंची नळाची चार वायसरं, पाण्याच्या जोडाला गुंडाळायची पांढरी टेप, विजेची चिकटपट्टी, निरनिराळे खिळे आणि स्क्रू, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली, थोडी बारीक तार, एक जुनं सुती फडकं आणि चांगली बॅटरी. वीज जाते तेव्हाच बहुतेक वेळा पेटी लागते, म्हणून बॅटरी विसरू नका.

घेताना घाई करू नका. आठवडे बाजारात रस्त्यावर स्वस्त मिळतं, पण मऊ लोखंडाचा पेचकस दोन वेळा वापरला की तोंड झिजतं आणि स्क्रूचा खाचाही बिघडवतो. पक्कड उघडून बघा, तोंड मिटलं की मधून उजेड दिसता कामा नये. पाना फिरवून बघा, जबडा डगमगता कामा नये. तीन दुकानांत भाव विचारा. गटातल्या दहा जणींनी एकत्र घेतलं तर दुकानदार भाव कमी करतो, हे तर आपल्याला चांगलंच ठाऊक आहे.

हत्यार हातात आलं की एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उजवीकडे फिरवलं की आवळतं, डावीकडे फिरवलं की सुटतं. बहुतेक स्क्रू आणि नट याच नियमाने चालतात.

आता पहिलं काम, गळता नळ. आधी टाकीचा कॉक बंद करा आणि नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्या. नळाच्या वरच्या नटावर फडकं ठेवा म्हणजे चकाकी खरवडणार नाही, मग पान्याने डावीकडे फिरवा. वरचा भाग बाहेर येईल. त्याच्या खालच्या टोकाला झिजलेलं वायसर दिसेल. ते काढा, खालची बैठक फडक्याने पुसा, त्याच मापाचं नवं बसवा. नट आधी हातानेच बसवा आणि शेवटी पान्याने थोडासाच आवळा. जोर लावून आवळलं की आटे जातात आणि मग अख्खा नळ बदलावा लागतो. अर्ध्या फेऱ्यात उघडणारे नवे नळ असतात, त्यांना असं वायसर नसतं. त्यांच्या आतला तयार भाग बदलावा लागतो. म्हणून जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जा.

नळ भिंतीतल्या जोडापाशी गळत असेल तर पांढरी टेप लागते. नळाचे आटे असलेलं तोंड आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून गुंडाळा. उलटं गुंडाळलं तर नळ बसवताना टेप सुटून येते.

दुसरं काम स्वयंपाकघरातलं. कुकरच्या कडेने वाफ जात असेल तर रबरी रिंग काढून धुऊन बघा. ती कडक झाली असेल, चिरली असेल तर बदला, आणि ती आपल्या कुकरच्याच कंपनीची आणि मापाची घ्या. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर तिथे दुसरं काही ठोकून बसवायचं नाही. तो उडाला म्हणजे त्याने आपला जीव वाचवला. शिटीचं भोक साफ आहे ना ते बघा आणि नवा व्हॉल्व्ह बसवा.

गॅसच्या नळीचंही असंच. तिच्यावर छापलेलं साल वाचा. केशरी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस जोडावर लावा. बुडबुडे आले तर गळतंय. काडी ओढून कधीही बघू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या नंबरवर फोन करा. गॅसचा रेग्युलेटर, सिलेंडरचं तोंड यांना आपली पेटी लागू नाही.

तिसरं, विजेचं. इथे आम्ही काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त सांगणार आहोत. आपल्या खानदेशात उन्हाळा म्हणजे कूलर. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. यात वायरीची एक चीर पुरते. म्हणून कूलरमध्ये पाणी भरताना, गवत बदलताना, पंप साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन भिंतीतून काढून बाजूला ठेवायची. आणि तीन पिनांपैकी वरची जाड पिन कधी मोडून टाकायची नाही. ती अर्थिंगची आहे. पत्र्यात वीज उतरली तर ती आपल्या अंगातून न जाता जमिनीत जावी, म्हणून ती पिन असते. पण घराला अर्थिंगच नसेल तर ती पिन नुसती शोभेची. वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, आणि जमलं तर तीस मिलीअँपिअरवर वीज तोडणारा स्विच मीटरपाशी बसवून घ्या. तो खर्च गटाच्या अंतर्गत कर्जातून करावा इतका महत्त्वाचा आहे.

टेस्टरबद्दलही एक सांगतो. त्याचा दिवा लागला तर वीज आहे हे खरं. पण दिवा नाही लागला म्हणजे वीज नाहीच, असं धरू नका. दिवा खराब असू शकतो. म्हणून आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, मगच दुसरीकडे. साधा बल्ब बदलायचा असला तरी मेन स्विच बंद करा. काही घरांत जोडणी उलटी झालेली असते. बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, पदर खोचलेला, हातातल्या धातूच्या बांगड्या काढलेल्या. उभं राहायला पक्कं स्टूल किंवा शिडी, प्लास्टिकच्या खुर्चीवर खुर्ची नको.

फ्यूज उडाला तर जाड तार बांधायची नाही. फ्यूजची तार बारीक असते, कारण घराची वायर जळायच्या आधी तिने जळावं. बोर्डातलं, मीटरमधलं, खांबावरचं काम आपलं नव्हे. त्यासाठी १९१२ हा विजेच्या तक्रारीचा नंबर आहे. कोणाला झटका बसून माणूस चिकटला तर त्याला हात लावू नका, आधी मेन बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा आणि १०८ ला फोन करा. हे तीन नंबर पेटीच्या झाकणाच्या आतून कागदावर लिहून चिकटवा.

पेटीचं वेळापत्रकही ठेवा. आखाजी जवळ आली की झोक्याचा दोर आणि वरची कडी आधी तपासा, लेकी-सुना माहेरी येऊन त्यावर बसायच्या आहेत. आखाजी झाली की मृगाच्या आधी पत्रे बघा. पत्रा गळतो तो बहुधा हुकाखालचं डांबरी वायसर वाळून चिरल्यामुळे. खालून उजेड कुठे दिसतो त्यावर खडूने खूण करा. वायसर बदलायला मात्र सवयीच्या माणसालाच वर चढवा, सिमेंटच्या पत्र्यावर पाय पडला तर तो फुटतो. पावसाळ्यात हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत पक्कड गंजून मिटलेलीच राहील. पेटी मुलांच्या हाताला लागणार नाही, पण आपल्याला अंधारातही सापडेल, अशा एकाच जागी हवी.

आणि सगळंच प्रत्येकीने विकत घ्यायची गरज नाही. शिडी, ड्रिल मशीन, पाइप पाना, लोखंड कापायची करवत ही वर्षातून दोन-चारदा लागणारी हत्यारं गटात मिळून एकच घ्या. आपल्या पंचसूत्रीत नोंदी ठेवणं हे एक सूत्र आहेच. तसंच एक वहीचं पान हत्यारांचं करा: कोणी नेलं, कधी नेलं, कधी परत केलं. पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायकांना हत्यारांचा हिशेब जड नाही.

काही जणी म्हणतील, हे बाईमाणसाचं काम आहे का? त्यांना उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्याचं सांगतो. आपल्याकडे गावोगावी दिसणारा इंडिया मार्क टू हातपंप १९७० च्या दशकात तयार झाला, त्याचं मूळ आपल्या सोलापूरच्या पंपात. बांद्यात असे पंप बिघडले की दुरुस्तीला माणूस कधी येईल याचा भरवसा नसे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे महिला समाख्या कार्यक्रमात बायकांना हातपंपाची दुरुस्ती शिकवली गेली. त्यातल्या बऱ्याच जणी दलित आणि कोल आदिवासी होत्या, कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जमिनीतून लोखंडी नळ्या वर ओढायचं ते काम, आपल्या वायसराच्या कितीतरी पट जड. त्या शिकल्या आणि पाने घेऊन गावोगाव दुरुस्तीला गेल्या. पाणी भरणारी बाईच पंप दुरुस्त करू लागली, तेव्हा तो बंद पडून राहण्याचं कारण उरलं नाही.

मिस्तरी, वायरमन यांचं काम आपण काढून घेतोय असंही नाही. मोठं काम त्यांचंच. पण बिघाड कशात आहे हे आपल्याला कळलं, तर त्यांना नेमकं सांगता येतं, कोणता भाग बदलला ते विचारता येतं आणि जुना भाग दाखवा म्हणता येतं. तेवढ्यानेही बरेच पैसे वाचतात.

तर पुढच्या बैठकीला एक करा. प्रत्येकीने आपल्या घराची आठ दिवसांची यादी आणा. ज्या घरचा नळ गळतोय तिथेच बैठक भरवा. एकीने वायसर बदलायचं, बाकीच्यांनी बघायचं, मग दुसरा नळ दुसरीने. हाताने केलं की विसरत नाही. आणि घरातल्या पोरांनाही, मुलगा असो की मुलगी, शेजारी बसवा.