मनातल्या मनात चालणे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचला की मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्या अनेकांचे पाय लटपटू लागतात आणि घरचे धास्तावतात, ‘आजार वाढला’. बहुतेकदा तो वाढलेला नसतो. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण पोखरते. अशा उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो आणि अंग जरा तापले तरी अडखळतो. श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवले होते. अंग थंडावले की हा त्रास ओसरतो. खरे नुकसान होते ते भीतीने व्यायाम सुटतो तेव्हा, कारण सराव तुटला की तोल आणखी ढासळतो. अंग न तापवता सराव चालू ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे हालचालीचा मानसिक सराव. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर त्याची गरज अधिकच.

‘डोळे मिटून बसायचे, म्हणजे ध्यानच की!’ असे अनेकांना वाटते. पण इथे मन शांत करायचे नसते, कामाला लावायचे असते. टाच टेकली, भार डाव्या पायावरून उजव्यावर आला, गुडघा सरळ झाला, हे सारे आतून जाणवेल इतके बारकाईने मनात घडवायचे. तसे करताना प्रत्यक्ष हालचालीची आखणी करणारे मेंदूचे बरेचसे भाग काम करू लागतात. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या बार्बरा सीबाखर आणि सहकाऱ्यांनी 101 रुग्णांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज 17 मिनिटे, आठवड्यातले 6 दिवस, असे 4 आठवडे संगीताच्या किंवा मेट्रोनोमच्या, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिकणाऱ्या यंत्राच्या तालावर मनात चालायचे होते. सराव करणाऱ्यांचा चालण्याचा वेग आणि अंतर, दोन्ही सुधारले. यावर कुणी म्हणेल, हा नुसता विश्वासाचा परिणाम. आक्षेप रास्त आहे, कारण तुलनेच्या गटाला असा सराव नव्हताच. मात्र याच चमूने पुढे तालासह आणि तालाविना केलेल्या मानसिक सरावाची तुलना केली, तेव्हा तालाची बाजू सरस ठरली. नुसत्या विश्वासाने हा फरक सहज उलगडत नाही. तरीही हे पुरावे मुख्यतः चालण्याचे आणि आजार सौम्य ते मध्यम असलेल्यांचे आहेत, हे विसरू नये.

दुसरा गैरसमज उलट टोकाचा, आणि माझ्या मते अधिक घातक: मनात चाललो, आता फिजिओथेरपी कशाला? तोल सांभाळायला तळपायांची जाणीव, डोळे आणि अंतर्कर्ण यांच्याकडून क्षणोक्षणी येणारी माहिती लागते. ती कल्पनेतून मिळत नाही. शिवाय एमएसमुळे काहींची कल्पनेतली हालचालही मंदावते. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टसमोर आधार धरून हालचाल करा, मग तीच तेवढ्याच वेळात मनात करा. सकाळी उन्हाच्या आत प्रत्यक्ष व्यायाम, दुपारी कूलरसमोर मानसिक सराव, अशी वाटणी करता येईल. मात्र अंग थंडावल्यावरही नवा अशक्तपणा 24 तासांहून अधिक टिकला, तर उन्हाला दोष देत बसू नका, न्यूरॉलॉजिस्टला गाठा.