भर समुद्रातली हाक

रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालात, तर तुम्ही घरात सांगून जाता. पाय घसरला, पान लागलं, तर हाकेला शेजारच्या वस्तीवरचा कुणीतरी धावून येतो. पण शेकडो कोस माणूसच नसेल तर? शिडाच्या होडीतून महासागर ओलांडणाऱ्यांपुढे हाच प्रश्न असतो.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्यावर ही वेळ २०१८ साली आली. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीसाठी १ जुलैला ते फ्रान्सहून निघाले. त्यांची 'थुरिया' ही होडी गोव्यात बांधलेली. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवर, वादळाने होडी उलथीपालथी केली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. जागचं उठता येईना.

होडीवरच्या साध्या बिनतारी यंत्राची हाक तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. पण टॉमींजवळ दोन साधनं होती. एकावरून उपग्रहामार्फत चार शब्दांचा निरोप धाडता येई. दुसरा संकटदीप. हे तांब्याएवढं यंत्र चालू केलं, की होडी कोणाची आणि साधारण कुठे आहे, हे उपग्रहामार्फत सुटका केंद्राला कळतं. जादा उपग्रह फोनही होता, पण तो संकटाच्या पिशवीत, आणि पिशवीपर्यंत हात पोचत नव्हता.

निरोप पोचला आणि चक्रं फिरली. ऑस्ट्रेलियाच्या सुटका केंद्राने सूत्रं हाती घेतली. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या विमानाने होडी हुडकली. ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश स्पर्धक तर स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना, तात्पुरतं शीड बांधून टॉमींच्या दिशेने निघाला. अखेर २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमींना उचललं आणि पुढे ग्रेगरलाही घेतलं. पुढे २०२३ साली टॉमींनी हीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पुरी केली.

पूर्वी असं नव्हतं. 'थुरिया' ज्या होडीच्या नमुन्यावर बांधली, ती 'सुहेली' मुंबईत बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली ३१२ दिवसांत, कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. वाटेत बिनतारी यंत्र बंद पडलं. न्यूझीलंड सोडल्यावर चार महिन्यांहून अधिक काळ ते जिवंत आहेत की नाहीत, हेही घरच्यांना ठाऊक नव्हतं.

यातून आपण काय घ्यायचं? कोकणात तुमचं कुणी मासेमारीला जात असेल, तर बिनतारी यंत्र आणि संकटयंत्र होडीवर आहे ना, चालू आहे ना, हे निघण्याआधी पाहायला सांगा. मदतीची साधनं पेटीच्या तळाशी नकोत. पडल्यापडल्या हात पोचेल अशी हवीत. कुठे जाणार, कधी परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी माहीत हवं. परतायची वेळ टळली, तर घरच्यांनी वाट पाहत न बसता तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावं.

आणि रात्री एकट्याने विहिरीवर जाताना तुमचा फोन कोटाच्या खिशात, कोट बांधावर आणि तुम्ही आत, असं तर होत नाही ना, तेही आजच पाहा.