निफाडची थंडी आणि चाकातली हवा

महाराष्ट्रात थंडी पडू लागली, की वर्तमानपत्रांत एका गावाचे नाव वारंवार येते. ते गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील निफाड. निफाडजवळ कुंदेवाडी येथे गहू संशोधन केंद्र आहे. तेथे तापमानाची नोंद होते. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडला पारा १.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठते. वेली वाचवण्यासाठी शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

वेलींची काळजी सगळेच घेतात. पण त्याच पहाटे माल घेऊन निघणाऱ्या गाडीच्या टायरकडे किती जण पाहतात? लासलगावचा मोठा कांदाबाजार याच तालुक्यात आहे. हिवाळ्यात तिकडे भरलेल्या गाड्यांची रांग लागते. गाडी केवढीही असो, रस्त्याला फक्त तिचे टायर टेकलेले असतात. मोटारीच्या एका टायरचा तर जेमतेम तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो. त्याची पकड सुटली, की ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही.

थंडीत टायरला काय होते, ते आता पाहू. ‘हवा’ आणि ‘रस्ता’ हे दोन शब्द तुमच्या उर्दूतही आहेत. थंडीत या दोन्हींत बदल होतो. हवा थंड झाली, की तिचा दाब कमी होतो. समजा, दुपारी २८ अंश तापमान असताना टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली. पहाटे तापमान ६ अंशांवर आले, तर टायर कोठेही फुटलेला नसताना दाब सुमारे साडेतीन पौंडांनी घटतो. रस्त्यावर दव पडते. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील माती रस्त्यावर येते. दव आणि माती मिळून निसरडा थर तयार होतो.

हवा कमी असलेला टायर कडांवर झिजतो. त्याच्या बाजू सतत वाकतात आणि तापतात. गाडीत ओझे असेल, तर असा टायर भर रस्त्यात फुटू शकतो. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावी. गाडी धावल्यावर टायर तापतो आणि दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. किती हवा भरावी, हे मोटारीच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ओझे असताना किती भरावी, तेही तेथेच पाहावे.

थंड देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर मिळतात. तापमान ७ अंशांच्या खाली गेले, की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरील बारीक चिरा बर्फावर पकड घेतात. आपल्या देशातही काश्मीरमध्ये गुलमर्गच्या चढावर बर्फ पडला, की चाकांना साखळ्या बांधतात. मग निफाडला हिवाळी टायर घ्यावेत का? नाही. येथे बर्फ पडत नाही. पहाटेचा कडाका ऊन वर आले की ओसरतो आणि उष्ण रस्त्यावर हिवाळी टायर लवकर झिजतात. येथे योग्य मापाचा, चांगल्या नक्षीचा साधा टायरच हवा.

टायरचे माप त्याच्या बाजूवरच छापलेले असते. ‘१६५/८० आर १४’ हे उदाहरण घ्या. १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १४ म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर बसतो, त्याचा व्यास इंचांत. काही जण शोभेसाठी मोठे चाक आणि अरुंद बाजूचा टायर बसवतात. धुक्यात खड्डा दिसला नाही, तर अशा टायरला आणि चाकाला लवकर इजा होते. टायरसह चाकाचा एकूण व्यास बदलला, तर वेगाचा काटाही चुकीचा वेग दाखवतो. म्हणून गाडी बनवणाऱ्याने सांगितलेलेच माप घ्यावे.

टायरवरची नक्षी केवळ शोभेची नसते. तिच्या खाचांतून पाणी बाहेर जाते. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, तर तो टायर वापरू नये. हे ओळखण्यासाठी खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

मित्रांनो, तुमचे अब्बा, मामू किंवा मोठे भाऊ पहाटे गाडी घेऊन निघत असतील, तर आदल्या संध्याकाळी त्यांच्यासोबत चारही टायरची नक्षी पाहा. सकाळी निघण्यापूर्वी हवा मोजण्याची त्यांना आठवण करा. या कामाला पाच मिनिटे पुरतात. तुमच्या सायकलच्या दोन चाकांनाही हाच नियम लागू आहे, हे विसरू नका.