सतरा नंबरच्या फॉर्मआधी

पोलादपुरातल्या एका माध्यमिक शाळेचं ऑफिस. बाहेर पाऊस कोसळतोय. मुख्याध्यापकांसमोर नववीतली एक मुलगी आणि तिची आई बसली आहे. सोबतीला म्हणून महाडहून मी आले आहे. मुलीला टाइप १ मधुमेह आहे. दवाखान्याच्या फेऱ्यांत तिची शाळा सारखी बुडते.

"राग मानू नका ताई," सर म्हणतात, "पण वर्गात काही झालं तर? त्यापेक्षा घरी अभ्यास करू दे. सतरा नंबरचा फॉर्म भरू, दहावी कुठे अडणार नाही."

त्यांच्या आवाजात तुसडेपणा नाही, धास्ती आहे. मागे ती प्रार्थनेच्या रांगेत घामाघूम होऊन खाली बसली होती, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आई पदराशी चाळा करत गप्प बसते. मुलगी मात्र दप्तर उघडते. "सर, इथेच बघू का? हात थरथरतायत." ती ग्लुकोमीटरमध्ये पट्टी खोचते, बोटाच्या कडेला टोचते, थेंब पट्टीला लावते. आकडा येतो, ६२. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर उतरली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ती पिऊन टाकते. "आता पंधरा मिनिटं थांबायचं, मग परत बघायचं," ती सरांनाच समजावते.

या पंधरा मिनिटांत वर्गशिक्षिका येतात. "गोड जास्त खाल्ल्यामुळे झालं का गं हे?" मुलगी नकारार्थी मान हलवते. तिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं, हे ती स्वच्छ सांगते. वाडीत वीज जाते, म्हणून इन्शुलिन माठात ठेवते. आणि शाळेत टोचून कुठे घेतेस? "बाथरूममध्ये. वर्गात सगळे बघतात." बाईंचा चेहरा उतरतो.

मी पर्याय मांडते. सतरा नंबरच्या फॉर्मवर दहावी बाहेरून देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, मराठी माध्यमातही दहावी होते. तिथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी असते, एकेक विषय सोडवता येतो. ज्या मुलांचं अंथरूण सुटत नाही त्यांना हे मार्ग मोठा आधार आहेत. पण ही मुलगी हिंडतीफिरती आहे. वाडीत ना शिकवणी, ना प्रयोगशाळा. शाळा सुटली तर तिच्या वाट्याला पुस्तक किती आणि धुणीभांडी किती, हे आईला पक्कं ठाऊक आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं पाठबळ आठवीपर्यंत. नववीत ते संपतं, आणि नेमका तेव्हाच फॉर्मचा विषय निघतो.

"अपंगत्वाच्या दाखल्यावर काही सवलत?" बाई विचारतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. टाइप १ मधुमेह नाही. मात्र सीबीएसईने २०१७ मध्येच अशा मुलांना परीक्षेला खाऊ न्यायची परवानगी दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानेही राज्यांना कळवलं, की वर्गात शुगर तपासायला, इन्शुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला मुभा द्या. यातल्या एकाही गोष्टीला शाळेचा पैसा लागत नाही.

पंधरा मिनिटं होतात. पुन्हा थेंब, पुन्हा पट्टी. ९४. सरांचे खांदे सैल पडतात. इतका वेळ ज्याची भीती होती ते त्यांच्या टेबलावर घडलं आणि टेबलावरच आवरलं. ते कोरा कागद ओढतात. "सांग बाळ, काय काय लागेल?"

ती सांगते, सर लिहितात. वर्गात केव्हाही खायची परवानगी. टोचायला स्टाफरूमचा कोपरा. कपाटात ग्लुकोजचा पुडा. शुगर उतरली तर तिला एकटीला कुठे पाठवायचं नाही, बेशुद्ध झाली तर तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. बुडलेल्या दिवसांच्या वह्या मैत्रिणीकडून.

"आणि दहावीला, सर?" आईला आता कंठ फुटतो.

"डॉक्टरांचं पत्र आणा. शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज आत्तापासूनच करू, ऐन परीक्षेत धावपळ नको." कागद बाईंच्या हाती देत ते म्हणतात, "याच्या झेरॉक्स काढा. हिला शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक, आणि शिपाईमामांनाही एक."