ऊन पाणी, डोंगर आणि अम्मीचे गुडघे

डिसेंबर लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घराघरांत एकच विषय निघतो, थोरल्यांचे गुडघे. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस अंशांत भाजून निघालेली हीच माणसं थंडीत पहाटेच्या नमाजला उठताना भिंतीचा आधार शोधतात. आमच्या अम्मींचंही तसंच. वय सत्तरीच्या पुढे, साखरेचा त्रास पंधरा वर्षांपासूनचा, आणि सजद्यातून उठणं जमत नाही म्हणून आता खुर्ची. त्यात भाच्यानं मोबाईलवर जपानमधल्या एका हॉटेलाची चित्रफीत दाखवली. बाहेर बर्फाचे डोंगर, आणि खोलीलगत दगडी हौदात वाफाळणारं पाणी. अम्मींनी ती दोनदा पाहिली आणि विचारलं, "बेटा, असं पाणी आपल्याकडे नाही का?"

आहे. तेही आपल्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. पण आधी थोडं त्या जपानबद्दल सांगतो, कारण तिथून शिकण्यासारखं बरंच आहे.

जपानीत गरम झऱ्याला 'ओन्सेन' म्हणतात. 'ओन' म्हणजे ऊन आणि 'सेन' म्हणजे झरा. हा देश ज्वालामुखींवरच वसलेला, त्यामुळे झऱ्यांचे उगम हजारोंनी आहेत. १९४८ साली त्यांनी यासाठी कायदाच केला. उगमापाशी पाणी किमान २५ अंश असलं पाहिजे, नाहीतर ठरवून दिलेली खनिजं त्यात ठरलेल्या प्रमाणात असली पाहिजेत, तरच त्याला ओन्सेन म्हणता येतं. यामानाशी प्रांतातलं केइउनकान नावाचं हॉटेल इसवी सन ७०५ पासून चालू आहे आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद आहे. ७०५ म्हणजे दमास्कसला उमय्या खिलाफत होती आणि सिंधमध्ये मुहम्मद बिन कासिम अजून यायचे होते, तो काळ. वर्गात असं सांगितलं की मुलांना सन लक्षात राहतो, म्हणून इथंही सांगितलं.

तिथला मुक्काम साधा असतो. खोलीत चटईची जमीन, रात्री जमिनीवरच गादी, अंगात सुती झगा. हाकोनेसारख्या ठिकाणी आभाळ निरभ्र असलं तर फुजी डोंगर दिसतो. हौदाचा नियम मात्र कडक. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ धुवायचं, खळखळून पाणी घ्यायचं आणि मगच हौदात उतरायचं. हौद अंग धुण्यासाठी नाही, शेकण्यासाठी आहे. हौदाचं पाणी घाण न करण्याची ही रीत आपल्या घरात वाढलेल्या कुणालाही लगेच पटेल.

अडचण पुढे आहे. सार्वजनिक हौदात पुरुष वेगळे, बायका वेगळ्या हे खरं, पण आत सगळे विवस्त्र उतरतात. कापड गुंडाळून उतरणं तिथं अस्वच्छ समजतात. आपल्याकडे सतरचा हुकूम पुरुषाला पुरुषासमोर आणि बाईला बाईसमोरही आहे, आणि हम्मामात लुंगीशिवाय जाऊ नये अशी ताकीद हदीसमध्ये आलेली आहे. म्हणून ओन्सेनला जाऊच नये असं नाही. बऱ्याच हॉटेलांत तासाच्या हिशेबानं स्वतंत्र हौद मिळतो, त्याला 'काशिकिरी' म्हणतात. आतून कडी लावा आणि आपल्या घरच्यांपुरते राहा. काही खोल्यांना स्वतःचाच हौद असतो, अम्मींना चित्रफितीत दिसला तो तसलाच. बेप्पू शहर गरम पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथं आंतरराष्ट्रीय विद्यापीठामुळे मुस्लिम विद्यार्थी बरेच आहेत आणि मशीदही आहे. जेवणाबाबत मात्र आधी कळवावं लागतं. डुकराचं मांस तर सोडाच, भाजीच्या रश्श्यातसुद्धा 'मिरिन' नावाची गोड दारू पडते, आणि वाढणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता आपल्याकडे वळू या. मराठीत या पाण्याची खूण नावातच आहे. ऊन म्हणजे गरम. त्यावरून उनकेश्वर, उनपदेव, उन्हवरे, उन्हेरे. कोकणात तर गरम झऱ्याला 'उन्हाळे' असाच शब्द आहे. उर्दूत आपण 'गर्म चश्मा' म्हणतो. चश्मा म्हणजे झरा आणि चश्मा म्हणजे नाकावरचाही, हे सांगितलं की सहावीचा वर्ग पाच मिनिटं आवरत नाही.

कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत समुद्राला समांतर अशा अठराएक ठिकाणी गरम झरे आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळ उन्हेरे, महाडजवळ सव, संगमेश्वर तालुक्यात आरवली आणि तुरळ. उन्हवऱ्याचं पाणी तर सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे त्यात थेट पाय घालणं शक्यच नाही. खानदेशात चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. आपल्याला जवळचं म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं, किनवट तालुक्यातलं उनकेश्वर. ते पैनगंगेच्या खोऱ्यात, यवतमाळच्या सीमेलगत आहे.

महाराष्ट्रात आज ज्वालामुखी नाही. आपला काळा दगड लाव्ह्याचा खरा, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. मग पाणी तापतं कशानं? पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खोल जातं. दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढते. तिथं तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून वर येताना दगडातली खनिजं, कुठं गंधकही, सोबत आणतं. आपल्या कोळशाच्या पट्ट्याचं भूस्तरांशी जे नातं, तेच पुढे गोदावरीच्या खोऱ्यात तेलंगणात जातं. तिथं मणुगुरूजवळ कोळसा कंपनीच्या बोअरमधून गरम पाणी निघालं आणि त्यावर वीज करण्याचा छोटा प्रयोगही झाला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही अम्मींना घेऊन निघालो. चंद्रपूर, गडचांदूर, कोरपना, आदिलाबाद, किनवट असा रस्ता. निघण्याआधी डॉक्टरांना विचारलं, आणि त्यांनी जे सांगितलं ते इथं सगळं लिहितो, कारण या लेखातलं सर्वांत उपयोगाचं तेच आहे. गरम पाण्यानं स्नायू सैल होतात आणि दुखणं काही तास, फार तर एक-दोन दिवस कमी वाटतं. झिजलेला सांधा त्यानं भरून येत नाही. गोळी बंद करायची नाही. साखरेच्या रुग्णाच्या तळपायाला पुष्कळदा चटका कळतच नाही. पाणी पोळतंय हे मेंदूला समजेपर्यंत कातडी गेलेली असते आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. म्हणून पाणी रुग्णानं पायानं तपासायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून पाहायचं. दहा मिनिटांच्या वर बसायचं नाही. उठताना रक्तदाब उतरून चक्कर येते, तेव्हा हात धरायला माणूस हवा. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय उतरूच नये. एवढं काटेकोर जपान, पण तिथंही दर हिवाळ्यात गरम टबात बुडून किंवा भोवळ येऊन हजारो म्हातारी माणसं दगावतात.

अम्मींची आशा वेगळी होती. त्यांना वाटत होतं की तीन वेळा पाणी घेतलं की सजदा जमिनीवर करता येईल. वाटेत हे त्यांनी दोनदा बोलून दाखवलं. आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

मुक्काम माहूरला केला. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे तिथं राहायची सोय आहे, आणि सुट्टीत गर्दीही असते. सोनापीरचा दर्गाह, जुना रामगड किल्ला, सभोवती सागवानाचे डोंगर. जपानी हॉटेलाची ऐट नव्हती. लोखंडी पलंग, दोन जाड रजया आणि सकाळी बादलीभर गरम पाणी. पण खिडकी डोंगराकडे होती. फज्रनंतर दरीतलं धुकं हळूहळू वर चढताना दिसायचं, आणि अम्मी तस्बीह घेऊन तासभर खिडकीशीच बसल्या. म्हणाल्या, "घरी असते तर एव्हाना पोळ्या लाटत असते."

उनकेश्वर हे शिवाचं देवस्थान आहे. आपण तिथं पाहुणे, हे ध्यानात ठेवून वागावं: चपला बाहेर, कुठं पाय ठेवायचा ते विचारून, आणि पूजेची वेळ चालली असेल तर थांबावं. आम्हाला कुणी नाव-गाव विचारून वेगळं वागवलं नाही. गर्दी मात्र होती आणि अम्मींनी उतरायला साफ नकार दिला. भिजलेला कपडा अंगाला चिकटतो, चार लोक असतात. या वयात नको, म्हणाल्या. एवढ्या दूर येऊन असंच परतायचं का, यावर आमच्यात थोडी कुजबुज झाली. तेवढ्यात तिथं आलेल्या एका गावकरी बाईनं आपणहून विचारलं, "माय, बादलीत देऊ का?" तिनं पाणी भरून आणलं, आडोशाला एक दगड दाखवला, आणि स्वतःची कोरडी साडी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. आम्ही कोपरानं पाणी पाहिलं. अम्मींनी सलवार गुडघ्यापर्यंत घेतली आणि तांब्या-तांब्यानं पाणी सोडत बसल्या. दहा मिनिटं झाल्यावर आम्ही थांबा म्हटलं तर ऐकेनात. शेवटी तीच बाई म्हणाली, "बस झालं माय, आता पुसा." तेव्हा उठल्या.

झऱ्याच्या पाण्यानं वुजू होतो का, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. होतो. पाण्याला उगमापासूनच खनिजांचा वास किंवा चव असेल तर त्यानं त्याची पाकी जात नाही. जुहर आम्ही त्याच पाण्यानं वुजू करून, देवळापासून दूर, शेताच्या बांधावर पढली. अम्मींनी सवयीनं खुर्ची मागितली, ती गाडीतच होती.

गरम पाण्याचा शौक आपल्या इतिहासातही आहे. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हम्माम आजही पाहता येतो; छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. मुमताजमहलचं निधन १६३१ मध्ये त्याच शहरात झालं. हा हम्माम तिच्यासाठी सजवला होता असं सांगतात. अम्मींच्या पिढीतल्या किती बायकांना कडी लावून निवांत अर्धा तास न्हायला मिळालं असेल? चंद्रपूरच्या वस्त्यांत तर एका मोरीत सात माणसं. ओन्सेनच्या त्या चित्रफितीत अम्मींनी नक्की काय पाहिलं, डोंगर, पाणी की ती कडी, हे आम्ही त्यांना विचारलं नाही.

गुडघे दोन दिवस हलके राहिले. तिसऱ्या दिवशी होते तसे झाले. खुर्ची चालू आहे, गोळीही. तरी अम्मी पुन्हा जायचं म्हणतात, आणि रमजानच्या आधी आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही नेणार आहोत, इन्शाअल्लाह.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: शनिवार-रविवार आणि महाशिवरात्रीची गर्दी टाळा. कोरडे कपडे, जाड टॉवेल, न घसरणारी चप्पल, स्वतःची बादली आणि आडोशासाठी दोन मोठ्या चादरी न्या. साखरेच्या गोळ्या आणि खाण्याचा डबा गाडीत नव्हे, हातात ठेवा. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाच्या पाण्यानं चांदी काळी पडते.